खुंट्याला दुसरा हात
(रोजनिशीतील पाने)

१२ नोव्हेंबर २०१८, सोमवार

भाऊबीजेचे पाहुणे काल गेले. शाळेला अजून दिवाळीची सुट्टी आहे, म्हणून आज पहाटे पुन्हा एकदा बूट चढवले. काळ्या कमानीतून कृषी विद्यापीठाच्या आवारात शिरलं की रस्ता बरा आहे, झाडी आहे आणि मुख्य म्हणजे ट्रक नाहीत. वसमत रोडवर अंधारात पळणं म्हणजे जिवाशी खेळ.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत आपल्या परभणीच्या ज्योती गवतेनं मुंबई मॅरेथॉन मारली. भारतीय महिलांत पहिली, वेळ २ तास ५० मिनिटं ५३ सेकंद. तेव्हा 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं म्हणत गावानं मिरवून घेतलं आणि आमच्या कॉलनीतल्या बऱ्याच जणींनी बूट घेतले. मीही घेतले. ते बूट अजून नव्यासारखे दिसतात, यातच सगळं आलं.

माझं पळणं मोठ्या कारणानं कधी थांबलेलंच नाही. नळाला पाणी दहा-बारा दिवसांनी येतं आणि येतं ते नेमकं पहाटे. त्या दिवशी टाकी, पिंप, कळशा भरणं हाच व्यायाम. यंदा तर दुष्काळ आहे, पाणी आलं की सोडून जाता येत नाही. मग धाकट्याला ताप येतो. मोठीचा दहावीचा क्लास सकाळी सहाला असतो. सासूबाईंचे गुडघे थंडी सुरू झाली की बोलायला लागतात. ह्यांचं औषधांचं दुकान रात्री साडेदहाला बंद होतं, त्यानंतर जेवणं, भांडी, उद्याची भाजी निवडणं. पाठ टेकायला बारा वाजतात आणि पाचचा गजर लावायचा. एक खाडा पडला की दुसरा आपोआप पडतो, आणि मग बूट पलंगाखाली जातात.

आज थोडं पळून, थोडं चालून आले. कमानीजवळच्या चहावाल्यानं विचारलं, "मॅडम, वजन कमी करायलाव व्हय?" बाई पळते ती वजनासाठीच, असा सगळ्यांचा समज. म्हटलं, "नाही हो, झोप कमी करायलेय."

२५ नोव्हेंबर २०१८, रविवार

काल दिल्लीत मेरी कोमनं सहाव्यांदा जागतिक विजेतेपद मिळवलं. ४८ किलो वजनगट, समोर युक्रेनची हॅना ओखोटा, निकाल ५-०. वय पस्तिशीचं आणि तीन मुलांची आई. टीव्हीवर ती रडत होती आणि आमच्या सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या. बॉक्सिंगमधलं त्यांना काही कळत नाही, पण लेकुरवाळी बाई जिंकली एवढं कळलं.

धाकटा पाचवीत आहे. त्याला वेगळीच शंका. "आई, ती रोज प्रॅक्टिसला जाते, मग तिच्या पोरांचे डबे कोण करतं?"

मोठीनं मोबाईलवर बघून सांगितलं, की तिचा नवरा ओन्लर घर आणि मुलं सांभाळतो, आणि हे तिनं स्वतःच वेळोवेळी सांगितलंय. ह्यांनी हातातलं वर्तमानपत्र जरा वर धरलं.

बातम्यांत तिची जिद्द, तिचा सराव, तिचं मन यांवर रकानेच्या रकाने आलेत. जिद्द आहेच, ती काय कुणी नाकारतंय? पण सकाळी पोरांना उठवून, आंघोळी घालून शाळेत कोण धाडतं, याचं उत्तर जिद्दीत सापडत नाही. ते ओन्लरपाशी सापडतं. मोठमोठ्यांना पडला नाही तो प्रश्न पाचवीतल्या पोराला पडला.

११ डिसेंबर २०१८, मंगळवार

शाळा सुरू झाली. त्यात मतदारयादीचं काम गळ्यात. दिवसभर वर्ग, संध्याकाळी दारोदार फॉर्म. पळायला जाते, पण थोडं अंतर गेलं की धाप लागते, पोटऱ्या भरून येतात, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. शेवटी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.६.

डॉक्टरीणबाई हसल्या. "मॅडम, एवढ्यावर तुम्ही पळताय कशा? तुम्हाला काय वाटत होतं?"

"मला वाटत होतं, आळस आलाय."

त्या म्हणाल्या, निम्म्या बायकांना असंच वाटतं. त्यांच्या टेबलावर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा कागद होता. २०१५-१६ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत ४८ टक्के जणी रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे आमच्या शिक्षक-खोलीत चौघी बसलो असू, तर दोघींचं रक्त कमी. आणि चौघीही एकमेकींना सांगत असतो, की "अगं, मनच लागत नाही कशात."

लोहाच्या गोळ्या दिल्यात. वर ताकीद, की गोळीनंतर लगेच चहा प्यायचा नाही, चहानं लोह अंगी लागत नाही. गोळीबरोबर लिंबू किंवा आवळा घ्यायचा. आमच्या घरात चहा प्यायला नाही असा तासच नाही, त्यामुळे ही पथ्यातली सर्वांत अवघड अट. गोळी रात्री झोपताना घ्यायची ठरवली. पळणं डॉक्टरीणबाईंनी थांबवलं नाही, पण महिनाभर चालण्यावरच भर द्या म्हणाल्या.

मनाची ताकद वाढवा असं सांगणारी पुस्तकं ह्यांच्या दुकानाशेजारच्या स्टॉलवर ढिगानं मिळतात. एकातही 'आधी रक्त तपासा' असं लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

३० डिसेंबर २०१८, रविवार

थंडीनं हाहाकार केलाय. विद्यापीठाच्या हवामान केंद्राचा आकडा तीन अंशांवर आल्याचं कालपासून जो तो सांगतोय. उन्हाळ्यात पंचेचाळीस आणि हिवाळ्यात तीन, अशा गावात पळण्याचा मोसम निवडायचा तरी कोणता?

तरी गेले. स्वेटर, वर ह्यांचं जुनं जर्किन, डोक्याला मफलर. रस्त्याकडेला ठिकठिकाणी शेकोट्या. पण पळणारे होते. पोलीस भरतीची पोरं-पोरी. पालम, जिंतूर, सोनपेठकडून आलेली, गावात खोली करून राहणारी. पहाटे मैदान, दिवसा अभ्यासिका, रात्री हातानं खिचडी. त्यांतली एक पोर माझ्या बरोबरीनं चालायला लागली. अंगावर पातळसा टी-शर्ट. नाक लाल झालेलं, ओठ फुटलेले, पण श्वास कसा एका लयीत.

"काकू, तुमची कशाची तयारी चाललीय?"

"कशाचीच नाही गं."

"मग कशामुळं पळायलाव?"

काय सांगणार? तिच्यापुढे भरती आहे, खाकी कपडे आहेत, घरी दर महिन्याला पाठवायचा पगार आहे. माझी कुठली भरती नाही आणि कुठलं मेरिट लागायचं नाही. मी पळले काय अन् न पळले काय, कुणाचं काही अडत नाही. उलट मी पळायला गेले की घरात सगळ्यांचंच अडतं.

मग सांगितलं, "त्या वेळात मला कुणी हाक मारत नाही, म्हणून." पोर हसली आणि पुढे निघून गेली. पण मी खरं तेच बोलले होते. दिवसभर आई, मॅडम, सूनबाई, वहिनी, अहो. पहाटेच्या त्या पाऊण तासात यांतलं कुणी नसतं.

१५ जानेवारी २०१९, मंगळवार. संक्रांत

काल भोगी. बाजरीच्या भाकरी, खेंगट, लोणी. आज पोळ्या, वाण, हळदीकुंकू. कॉलनीतल्या जणी तिळगूळ घेऊन आल्या. माझे वाळत टाकलेले बूट गॅलरीत दिसले आणि विषय निघाला.

"तुमच्या घरचे सोडतात का हो पळायला?"

सगळ्यांनी हाच प्रश्न विचारला. कुणी वाईट हेतूनं नव्हे, सहजच. मी म्हटलं, सोडतात की. तेवढ्यात एक जण म्हणाली, "आमचे पण सोडतील, पण सगळं आटपून जा म्हणतील."

यावर सगळ्याच हसल्या. सगळं आटपून जायचं म्हणजे कधी जायचं? घरकाम ज्या दिवशी आटपेल त्या दिवशी.

आमच्या समोरचे काका रोज पहाटे फिरायला जातात. वर्षानुवर्षं. त्यांच्या नियमितपणाचं सगळी कॉलनी कौतुक करते, मीही करते. ते परत येतात तेव्हा गच्चीत खुर्ची, खुर्चीवर पेपर आणि स्टुलावर चहा असतो. त्यांना कुणी कधी विचारलं नाही, की काकू सोडतात का?

२१ जानेवारी २०१९, सोमवार

काल मुंबई मॅरेथॉन झाली. आज पेपरात ज्योती गवतेचा फोटो. भारतीय महिलांत दुसरी, वेळ २:४५:४८. पहिली सुधा सिंग, २:३४:५६. मेरी कोम तिथं पाहुणी म्हणून होती.

शाळेत पाचवीच्या वर्गाला वेळेची उदाहरणं चालू होती, म्हणून फळ्यावर ज्योतीचेच आकडे मांडले.

२०१७ : २:५०:५३, पहिली.
२०१८ : २:५०:४७, दुसरी.
२०१९ : २:४५:४८, दुसरी.

पोरांनी वजाबाक्या केल्या. २०१८ मध्ये ती आदल्या वर्षीपेक्षा ६ सेकंद लवकर आली, तरी नंबर खाली गेला, कारण त्या वर्षी सुधा सिंग २:४८:३२ मध्ये आली. यंदा आणखी जवळजवळ पाच मिनिटं कमी केली, तरी दुसरीच. एका पोरीनं हात वर केला. "मॅडम, मग ती हारली का जिंकली?"

वर्गात यावरून चांगलीच जुंपली. शेवटी मागच्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, "मॅडम, नंबर दुसऱ्यावर असतो, टाईम आपल्यावर असतो." मी त्याला टाळ्या द्यायला लावल्या.

घरी येताना आणखी एक हिशेब केला. ४२ किलोमीटर १९५ मीटर २:४५:४८ मध्ये, म्हणजे किलोमीटरला चार मिनिटांहून कमी, तासाला पंधरा किलोमीटरहून जास्त. विद्यापीठाच्या आतल्या रस्त्यावर माझी स्कूटी साधारण याच वेगानं चालते. ज्योतीशी बरोबरी करायचा प्रश्न नाही. पण ज्या हवेत, ज्या उन्हात मी धापा टाकते, त्याच गावच्या हवेत तिची छाती घडली, याचं बरं वाटतं.

१९ मे २०१९, रविवार

पहाटे पाचलाही गरम झळा. दुपारी पारा पंचेचाळीसच्या आसपास. घरोघरी माठ, पडदे, वाळ्याचं पाणी. टँकरच्या वेळा पाठ झाल्यात. अशात पळायला जाते म्हटलं तर शेजारपाजारचे वेड्यात काढतात, आणि या वेळी ते चुकीचे नाहीत.

उन्हाळ्यात मी अंतर मोजत नाही. सहाच्या आत परत यायचं, एवढीच अट. जाताना तांब्याभर पाणी, आल्यावर मीठ-साखर-लिंबू. घाम एवढा जातो, की नुसत्या पाण्यानं भागत नाही. आणि ज्या रात्री उकाड्यानं झोप लागलेली नसते, त्या पहाटे जायचं नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोराचा व्यायाम सांगते. तो रोजच झाला पाहिजे असं नाही, आठवड्यात मिळून झाला तरी चालतो. हे वाचल्यापासून खाड्याचा धाक गेला. एक दिवस हुकला तर आठवडा बुडत नाही.

घरात मोठा बदल एकच झालाय. रात्रीची जेवणं आता साडेआठला. ह्यांचं ताट झाकून ठेवते, दुकानातून आले की तेच गरम करून घेतात. पहिले चार दिवस भाजी करपली, डाळ उतू गेली. आता गॅस कसा बारीक करायचा ते कळलंय. मी दहाला झोपते. पाचचा गजर आता शत्रू वाटत नाही.

३० जून २०१९, रविवार

गेल्या आठवड्यात शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणीतून गेली. पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, सरळ रांगा, टाळांचा एकच ठेका. पुढे दैठणा, मग गंगाखेड, परळी आणि पंढरपूर. शेगावाहून सातशेच्या वर किलोमीटर चालायचं. सासूबाईंचं माहेर गंगाखेडकडचं. गुडघे दुखत असूनही रस्त्याकडेला दोन तास उभ्या होत्या.

संध्याकाळी त्या गंगाखेडच्या गोष्टीत रमल्या. जनाबाईचा जन्म तिथला, पुढं पंढरपुरात नामदेवांच्या घरी ती राबली. दळण, कांडण, पाणी, शेण, सगळं तिच्या अंगावर. ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलीय आणि दर वेळी तिचा अर्थ एकच सांगितला जातो. मन देवापाशी ठेवलं की कामाचं ओझं वाटत नाही.

या खेपेला मला गोष्टीतला दुसरा भाग दिसला. जनीचं दळण सरत नाही तेव्हा विठ्ठल काय करतो? तो तिला 'मन खंबीर कर' म्हणून सांगत नाही, दर्शन देऊन निघूनही जात नाही. तो जात्यापाशी बसतो आणि खुंटा धरतो. पाणी आणू लागतो, गोवऱ्या वेचू लागतो. तिला गायला सवड होते ती त्यानंतर.

हे मी बोलून दाखवलं. सासूबाई काही क्षण माझ्याकडे बघत राहिल्या. नेमके त्याच वेळी हे बाहेरून आले आणि नेहमीसारखं विचारलं, "उद्या पहाटे तू जाणार असशील तर डब्याचं काय?"

सासूबाई कडाडल्या, "अरे, परमेसराला जात्याचा खुंटा धरायला लाज वाटली नाही, अन् तुला कुकर लावायला वाटायली व्हय?"

मोठी ८ जूनच्या निकालात दहावी चांगल्या गुणांनी पास झालीय. ती हसून हसून खाली बसली. "बाबा, मी शिकवते, तीन शिट्ट्या झाल्या की बंद."

११ ऑगस्ट २०१९, रविवार

पाऊस उशिरा का होईना, आलाय. डांबरी रस्त्यावर पाणी साचलं म्हणून आज शेताकडच्या पांदीनं गेले आणि काळ्या मातीनं हिसका दाखवला.

आमच्याकडची ही जमीन उन्हाळ्यात हातभर फाटते आणि पावसात लोण्यासारखी होते. पहिल्या दहा पावलांत बुटाच्या तळाला थर बसतो. पुढच्या दहांत त्याला गवत, काड्या, खडे चिकटतात. मग एकेक पाय पायलीभर जड. झटकलं तर निघत नाही. काडीनं खरवडलं तर काडी मोडते. बाभळीच्या बुंध्यावर टाच घासून थोडं निघतं, आणि चार पावलांत पुन्हा तेवढंच येतं. शेवटी बूट हातात घेतले आणि अनवाणी आले. बोटांच्या बेचक्यांतून चिखल वर येत होता. बांधावरची एक म्हातारी म्हणाली, "बाई, या मातीत बूट घालून कुणी पळतंय व्हय?"

घरी आले तर बूट धुवायचे राहू दे, असं धाकटा म्हणाला. ओल्या मातीला पाणी लावलं तर पसरते, उन्हात वाळू दिली की वड्या होऊन पडते, हे त्याला शाळेच्या मैदानावर कळलेलं. दुपारी ऊन पडल्यावर त्यानं गॅलरीत बसून जुन्या दातघासणीनं माझे बूट साफ केले. मी सांगितलं नव्हतं.

कुकर आता ह्यांच्याकडे लागलाय. पहाटेचा चहाही. तो अती गोड असतो, पण मी अजून तसं म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही.

२० जानेवारी २०२०, सोमवार

काल पुन्हा मुंबई. ज्योती गवते दुसरी, २:४९:१४. सुधा सिंग पहिली, २:४५:३०. म्हणजे गेल्या वर्षीची आपली वेळ ज्योतीला यंदा गाठता आली असती, तर ती अगदी सुधाच्या पाठोपाठ असती. वेळसुद्धा दर वर्षी कमीच होत जाते असं नाही. हे फळ्यावर मांडायचं राहिलं, उद्या मांडते. चौथ्या वर्षीही ती पहिल्या दोघींत आहे, हे जास्त महत्त्वाचं.

याच आठवड्यात बारामतीच्या लता करे यांच्यावरचा सिनेमा आला. २०१३ मध्ये नवऱ्याच्या आजारपणाला, तपासण्यांना पैसे नव्हते, म्हणून साठी उलटलेली ही बाई नऊवारी नेसून अनवाणी शर्यतीत उतरली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, पोटासाठी बारामतीला आलेल्या. सिनेमात त्यांनी स्वतःच काम केलंय.

सगळे त्यांना प्रेरणास्थान म्हणतात. मला ते म्हणवत नाही. त्या पळाल्या ते नाइलाजानं. बक्षिसाशिवाय औषधपाणी नव्हतं. एखाद्या म्हातारीला नवऱ्याच्या तपासणीसाठी शर्यत जिंकावी लागते, यात आपण टाळ्या वाजवण्याआधी मान खाली घालायला हवी. माझं पळणं हे भरल्या घरातलं, पगारदार बाईचं पळणं. मला उत्साह वाटतो की नाही, हा प्रश्न पडणं हीच चैन आहे. ती चैन बहुतेक बायांच्या वाट्याला येत नाही, हे ठाऊक असलेलं बरं.

४ ऑक्टोबर २०२०, रविवार

मार्चपासून शाळा बंद. मोबाईलवर धडे, मध्येच सर्वेक्षणाची ड्यूटी. ह्यांचं दुकान मात्र एक दिवस बंद नव्हतं. टाळेबंदीत गच्चीवरच्या टाकीभोवती फेऱ्या मारल्या, भोवळ आली, पण मारल्या. आता पहाटे रस्त्यावर जाता येतं.

या आठवड्यात देशाच्या सांख्यिकी कार्यालयाचा एक अहवाल पेपरात आला. २०१९ साली देशभरातल्या लोकांना विचारलं, की दिवसाचे चोवीस तास तुम्ही कशात घालवता? घरच्या बिनपगारी कामात बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. आणि ही सरासरी जे घरकाम करतात त्यांचीच. शंभरातल्या ८१ बाया ते करतात आणि पुरुष २६. बाकीचे ७४ त्या दिवशी घरकामाला हातच लावत नाहीत.

२९९ वजा ९७, म्हणजे २०२. तीन तास बावीस मिनिटं.

ज्योती गवतेची अख्खी मॅरेथॉन यात बसते आणि वर अर्धा तास उरतो. हा आकडा मी ह्यांना दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुन्हा वाचला आणि म्हणाले, "मग मी नक्की किती मिनिटांवर आलो असेन?" म्हटलं, मोजत बसू नका, कणीक मळा.

शाळेतल्या एका नव्या शिक्षिकेनं परवा फोन केला. लग्नाला दोन वर्षं झालीत, पदरात तान्हं मूल. म्हणाली, "मॅडम, मला पण पळायचंय, पण मनच तयार होत नाही. तुम्ही कसं टिकवलं?" तिला जे सांगितलं तेच इथं लिहून ठेवते.

मनाच्या मागे लागू नकोस. आधी रक्त तपास. रात्रीचं जेवण लवकर कर आणि उशिरा येणाऱ्यानं आपलं ताट आपण गरम करावं, हे ठरवून टाक. पहाटेचा चहा आणि कुकर दुसऱ्याच्या हातात दे, आणि तो बिघडवील तेव्हा मध्ये पडू नकोस. 'सगळं आटपून जा' म्हणणाऱ्याला विचार, की सगळं म्हणजे काय काय, आणि त्यातलं तू काय घेतोस? इतकं झालं की मन आपोआप तयार होतं. आणि नाही झालं, तर खुशाल झोप. तीही तुझ्या वाट्याला आलेली नाही.

घरात बाई पळायला लागावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिला बूट भेट देऊ नयेत. गजर आपल्या उशाशी लावावा आणि तिच्या आधी उठावं.